उपाहारगृहातील वाद्यवृंद

संगीत ऐकावे ते दिवे मंद करून, दारे लावून घेऊन आणि श्वाससुद्धा हलका सोडून, ही समजूत आज सुशिक्षित समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, जेथे काटेचमचे वाजतात, पेले एकमेकांवर आपटतात आणि शेजारच्या मेजावर एखाद्या जमिनीचा सौदा रंगात आलेला असतो, तेथील गायनवादन हे संगीताचे काहीतरी उतरलेले रूप असणार, असे आपण फारसा विचार न करता गृहीत धरतो. इतिहास या समजुतीला अनुकूल नाही. श्रोत्यांचे संपूर्ण मौन ही सभागृहांनी गेल्या दोनएक शतकांत रुळवलेली शिस्त असून, त्यापूर्वीच्या दीर्घ कालखंडात वादक जेथे जेथे बसला तेथे तेथे त्याच्यासमोर माणसे बहुधा खात होती, पीत होती आणि बोलत होती. जर्मनीतील लाइपझिग शहरात कॅथरिनेनश्ट्रासे या रस्त्यावर झिमरमान नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. टेलेमानने १७०२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना जमवून स्थापन केलेल्या वादकमंडळाची धुरा १७२९ मध्ये योहान सेबास्टियन बाखने स्वीकारली, तेव्हापासून हिवाळ्यात शुक्रवारी रात्री आठ ते दहा या कॉफीगृहात आणि उन्हाळ्यात बुधवारी दुपारी चार ते सहा त्याच मालकाच्या शहराबाहेरील बागेत त्या मंडळाचे वादन होत असे. ऐकणाऱ्यांकडून प्रवेशाचे दाम घेतले जात नसत. मालकाच्या खर्चाची भरपाई कॉफीच्या विक्रीतून होई. ज्या बाखचे नाव आज आपण इतक्या पूज्यभावाने उच्चारतो, त्याच्या काही रचना कपबश्यांच्या आवाजातच लोकांच्या कानी पडलेल्या आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या योग्यतेत तिळमात्र उणेपणा आलेला नाही.

मराठी मुलखालाही हा प्रकार परका नाही. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात किंवा चौफुल्याच्या कला केंद्रात संगीतबारीची बैठक रंगते तेव्हा फर्माइशी येतात, दौलतजादा होतो, एक रसिक दुसऱ्यावर ताण करण्यासाठी नोट पुढे करतो, आणि ती अदबीने स्वीकारली जाईपर्यंत ढोलकीने व पेटीने ठेका तुटू न देता गाणे जागच्या जागी खेळवत ठेवायचे असते. तथापि या प्रकरणात मी विचार करणार आहे तो मुंबईच्या हॉटेलांतील व उपाहारगृहांतील वाद्यवृंदांचा. कारण जेवणाऱ्या, बोलणाऱ्या आणि नाचणाऱ्या मंडळींसमोर वाजवण्याची कला आपल्या देशात ज्यांनी अतिशय परिश्रमाने कमावली, त्या वादकांचा फार मोठा भाग गोमंतकातून मुंबईस आलेला होता, आणि त्यांच्या या कलेची दखल मराठीत जितकी घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही. ती सभागृहातील संगीताची कनिष्ठ भगिनी नसून स्वतःचे नियम असलेली स्वतंत्र विद्या आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले, आणि तेथील नृत्यशाळेत पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजू लागले. परंतु मुंबईच्या कानाला खऱ्या जाझची ओळख झाली ती १९३५ मध्ये, जेव्हा लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वृंद घेऊन ताजमध्ये दाखल झाला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक व टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. स्वदेशी वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या या कलावंतांना पूर्वेकडील बंदरांत अधिक मान व अधिक स्थिर वेतन मिळत असे. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या साथीत त्याचा अंत झाला. या मंडळींचे वादन ऐकून, आणि पुढे त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाजवून, गोमंतकीय वादक तयार झाले. त्यांची पूर्वतयारी मात्र घरीच झालेली होती. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्र लोक मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. नोकरीधंद्याची वाण असलेल्या त्या प्रांतातून मुलगा मोठा होऊन मुंबईस आला, धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, त्याने ट्रंक ठेवली, की त्याच्यापाशी दोन गोष्टी असत : एक वाद्य, आणि समोर ठेवलेला कागद प्रथमदर्शनी वाजवण्याचे सामर्थ्य. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सारी मुंबई पुढे चिक चॉकलेट म्हणून ओळखू लागली, तो याच वाटेने आला, आणि चाळीसच्या दशकात ताजमध्ये व शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याच्या तुतारीसाठी लोक येऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर या कलेचे केंद्र हळूहळू चर्चगेटच्या रस्त्याकडे सरकले. आज ज्याला वीर नरिमन मार्ग म्हणतात त्या लहानशा रस्त्यावर आणि त्याच्या आसपास गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसेडर, रिट्झ, अ‍ॅस्टोरियातील व्हेनिस अशी ठिकाणे होती, आणि संध्याकाळ झाली की त्यांच्या दारांतून निरनिराळ्या वृंदांचे सूर फुटपाथवर येत. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी तुतारी व सॅक्सोफोन वाजवी आणि लॉर्ना कॉर्डेरो गाई. या दोघांनी पुढे कोकणी गाण्यांची जी तबके काढली त्यांवर गोमंतकातील आणि मुंबईतील एका अख्ख्या पिढीचे मन पोसले गेले. लॉर्नाच्या त्या भरदार, किंचित खरखरीत आणि शब्दन्‌शब्द पोहोचवणाऱ्या गळ्याविषयी लोक अजून हळहळून बोलतात. भरलेल्या उपाहारगृहात रोज रात्री गाण्याच्या सरावाचा त्या शब्दोच्चाराच्या स्पष्टतेत मोठा वाटा असला पाहिजे, असे मला वाटते. तसे का वाटते, हे समजून घेण्यासाठी ध्वनीच्या शास्त्रात थोडे शिरावे लागेल.

फ्रान्समधील एतिएन लोंबार या कर्णवैद्याने १९०९ च्या सुमारास एक साधे निरीक्षण केले, आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध केले. रोग्याशी बोलत असता त्याच्या कानात यंत्राने गोंगाट सोडला, तर रोगी आपण होऊन, त्याची जाणीवही नसता, मोठ्याने बोलू लागतो. गोंगाट थांबविला की आवाज पूर्ववत खाली येतो. बहिरेपणाचे सोंग घेणाऱ्यांना ओळखण्यासाठी लोंबारने याचा उपयोग केला, कारण खरा बहिरा मनुष्य त्या गोंगाटाने आवाज चढवीत नाही. उपाहारगृहाची सारी समस्या या एका निरीक्षणात सामावलेली आहे. एक मीटर अंतरावरून शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा आवाज सुमारे ६० डेसिबल भरतो. दहा मेजे भरली की प्रत्येक मेजाला दुसऱ्या नऊ मेजांचा गोंगाट ऐकू येतो, म्हणून प्रत्येकजण थोडा आवाज चढवितो, त्यामुळे सर्वांचा गोंगाट वाढतो, म्हणून प्रत्येकजण आणखी थोडा चढवितो, आणि कोणाचाही काही अपराध नसता ती खोली पाऊण डझन पदार्थ येण्याच्या आत ७५-८० डेसिबलच्या घरात जाऊन पोहोचते. आता या खोलीत वृंद वाजू लागला. तो ऐकू यावा म्हणून गोंगाटाच्या वर गेला, तर पाहुणे त्याच्यावर आवाज काढणार. मग वृंदाने पुन्हा चढावे, मग पाहुण्यांनी. डेसिबलचे कोष्टक असे आहे की दहाने आकडा वाढला म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते, पण कानाला आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तेव्हा या चढाओढीत गायिकेच्या गळ्यावर पडणारा भार आणि त्यातून तिला मिळणारा लाभ यांचे प्रमाण अत्यंत अन्यायाचे असते. शिवाय ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काढणाऱ्या कामगाराच्या कानाला धोका असतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, हा कारखान्यांसाठी अमेरिकेत सांगितला गेलेला हिशेब ढोलवादकाला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वेटरलाही लागू पडतो.

म्हणून कसलेला वृंद या चढाओढीत उतरतच नाही. जेवणाच्या वेळेचा पहिला सेट तो मुद्दाम दबून वाजवितो. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरतात, तुतारीच्या तोंडात म्यूट बसतो, पियानोवादक डाव्या हाताने जड आघात करणे टाळतो, आणि संथ गतीची गाणी एकातून दुसऱ्यात अशा रीतीने ओवली जातात की मध्ये रिकामी जागा पडू नये. रिकामी जागा पडली तर लोकांना टाळ्या वाजवाव्यात की न वाजवाव्यात असा संकोच होतो, आणि त्या संकोचात बोलण्याचा सूर तुटतो. मालकाला हे नको असते. दुसरा एक उपाय याहून सूक्ष्म आहे. गोंगाट फार वाढला असे पाहून प्रमुख वादक खूण करतो आणि संपूर्ण वृंद एखाद्या ओळीच्या शेवटी एकाएकी कुजबुजीइतका खाली येतो. ज्यांनी संगीतावर मात करण्यासाठी आवाज चढविलेला असतो त्यांना आपलेच शब्द भलत्या मोठ्याने खोलीत घुमताना ऐकू येतात, ते चपापून थांबतात, आणि लोंबारने सांगितलेली शिडी लोक आपण होऊन उतरू लागतात. अशा उतरलेल्या शांततेत गायिकेने पहिला शब्द टाकला, तर तो शेवटच्या मेजापर्यंत जातो.

येथेच मघाच्या शब्दोच्चाराचा मुद्दा येतो. भाषेतील स्वर खालच्या व मधल्या पट्टीत असतात आणि त्यांत शक्ती पुष्कळ असते. परंतु अर्थाचा भेद ज्यांवर अवलंबून असतो त्या व्यंजनांचा महत्त्वाचा भाग सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास असून तो अतिशय दुबळा असतो. वाटीवर चमचा आपटला, काचेवर काच घासली, तर नेमका हाच प्रदेश व्यापला जातो. त्यामुळे उपाहारगृहात गाणारणीला ताना-आलापांवर विसंबता येत नाही. तिला प्रत्येक शब्दाच्या आरंभीचे व्यंजन दातांनी तोडल्यासारखे काढावे लागते, आणि वृंदातील इतरांना ती गात असता त्या प्रदेशातून दूर राहावे लागते. खर्जाच्या वाद्यांचा प्रश्न याच्या उलट बाजूने येतो. मोठा केलेला खर्ज वरच्या स्वरांना झाकून टाकतो, वरचे स्वर मात्र खर्जाला तितके झाकू शकत नाहीत. म्हणून बास वाजवणाऱ्याने संयम ठेवला पाहिजे. पण फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, एकंदर आवाज कमी केला असता मानवी कान खर्ज फार लवकर गमावतो. म्हणजे दबलेल्या वादनात बास तुलनेने पुढे असला नाही तर सारे गाणे पातळ वाटू लागते. या दोन परस्परविरोधी नियमांच्या मधली जी अरुंद वाट, ती शोधण्यात चांगल्या बासवादकाची निम्मी कारकीर्द जाते, आणि श्रोत्यांपैकी त्याची दाद देणारा एखादाच भेटतो.

खोलीचे स्वतःचेही एक मत असते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन याला १८९५ मध्ये एका नव्या व्याख्यानगृहातील असह्य घुमण्याचे कारण शोधावयास सांगण्यात आले, तेव्हा त्याने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणून, एक ऑर्गनची नळी आणि वेळ मोजण्याचे यंत्र एवढ्या साहित्यावर सिद्ध केले की, आवाज किती काळ रेंगाळेल हे खोलीच्या आकारमानावर आणि तीत आवाज शोषून घेणारे किती पदार्थ आहेत यावर ठरते. संगमरवरी फरशी, आरसे आणि काचेच्या भिंती हे उपाहारगृहाच्या वैभवाचे अलंकार आवाज जवळजवळ मुळीच शोषत नाहीत. गालिचा, पडदे आणि कपडे घातलेली माणसे शोषतात. परिणामी दुपारी पाच वाजता रिकाम्या खोलीत जो तोल साधला, तो रात्री नऊ वाजता दीडशे माणसांनी भरलेल्या खोलीत कधीच टिकत नाही : तीव्र स्वर माणसांच्या कपड्यांत विरतात, खर्ज तेवढाच राहतो, आणि सारे वादन घोंगडीआडून आल्यासारखे भासते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, परंतु अशा बंद, कठीण खोलीत काही पावलांपलीकडे तो उतरतच नाही, नुसता अस्पष्ट होत जातो. दूर बसलेल्या पाहुण्याला आवाज भरपूर आणि अर्थ शून्य अशी स्थिती येते. तो वेटरला बोलावून आवाज कमी करावयास सांगतो, आणि जवळ बसलेला पाहुणा त्याच क्षणी वाढवावयास सांगत असतो. हे दोन्ही निरोप एकाच वेटरच्या हातून मंचावर येतात.

निरोप, चिठ्ठ्या आणि फर्माइशी यांबद्दल पुष्कळ वादकांच्या मनात कडवटपणा असतो, तो समजण्यासारखा आहे; मला मात्र त्यांत या विद्येचे मर्म दिसते. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये असे प्रयोग केले की, माणसाच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडावयाची आणि त्यांपैकी एकाकडेच लक्ष देण्यास सांगावयाचे. दुसऱ्या कानातले भाषण काय होते, कोणत्या भाषेत होते, हेसुद्धा बहुतेकांना सांगता येईना. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे याला आढळले की त्या दुर्लक्षित कानात त्या माणसाचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. मन झोपलेले नसते, ते दारावर पहारा ठेवून असते. जेवणाऱ्या माणसाचे एक आवडते गाणे असते, बहुधा त्याच्या लग्नाच्या किंवा तारुण्याच्या वेळचे. ते सुरू होताच त्याचा घास हातात थांबतो. जुन्या वृंदप्रमुखांच्या स्मरणात नेहमीच्या पाहुण्यांची अशी गाणी असत, आणि पाहुणा दारातून आत येऊन कोट काढीपर्यंत चालू असलेल्या गाण्यातून त्याच्या गाण्याकडे वळण्याची वाट ते शोधून ठेवीत. याला कोणी खुशामत म्हणेल. मला ती श्रोत्याची जाण वाटते.

लक्ष वेधण्याचे याहून कठोर मार्गही आहेत. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या ठिकाणी १९३९ मध्ये बिली हॉलिडे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविषयीचे एक भीषण गाणे म्हणू लागली, तेव्हा मालक बार्नी जोसेफसन याने दंडकच घालून दिला : ते गाणे रात्रीचे अखेरचे असेल, त्यापूर्वी वेटर पदार्थ देणे थांबवतील, सारे दिवे मालवून एकच झोत गायिकेच्या चेहऱ्यावर राहील, आणि गाणे संपताच ती निघून जाईल, पुन्हा येणार नाही. यात मालकाने काही मिनिटांचे उत्पन्न आपण होऊन सोडले, हे विसरता कामा नये. तसे करणारे मालक विरळा. चार्ल्स मिंगस या बासवादकाला पेल्यातील बर्फाचा आवाज मुळीच खपत नसे. १९६० मध्ये त्याने एक तबक मुद्रित केले ते स्टुडिओत, जेथे एकही गिऱ्हाईक नव्हते, आणि तरीही आरंभीच कल्पित श्रोत्यांना उद्देशून, पेये घेऊ नका, गल्ल्याची घंटा वाजू देऊ नका, असे त्याने बजावले. त्या रिकाम्या खोलीतसुद्धा गोंगाटाने त्याची पाठ सोडली नव्हती. उलट एरिक साती या फ्रेंच रचनाकाराने १९२० मध्ये पॅरिसच्या एका चित्रदालनात असे संगीत वाजविले की ज्याकडे कोणी लक्ष देऊ नये, ते खुर्च्यामेजांसारखे केवळ असावे. तर मध्यंतरात गप्पा मारावयास निघालेले प्रेक्षक वादन सुरू होताच पुन्हा जागेवर येऊन बसले व कान देऊन ऐकू लागले, आणि सातीला हिंडून हिंडून त्यांना बोलत राहण्याची विनवणी करावी लागली. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे कधी ऐकले जावे आणि कधी न ऐकले जाताही खोली धरून ठेवावी, हे रोज रात्री ठरविणारा हॉटेलातील वादक उभा असतो.

त्याच्या डोक्यावर सरकारचाही हात असतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आल्यावर हॉटेलांचा जमाखर्च विस्कटला, आणि ज्या पेल्यांच्या विक्रीतून वृंदाचे पगार निघत ते पेले परवान्याच्या कक्षेत गेल्यामुळे अनेक वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आश्रय घ्यावा लागला. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल असा दुहेरी दिनक्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. चित्रपटसंगीताचा यात केवढा लाभ झाला हे सांगावयास एक ‘अलबेला’ पुरे आहे : १९५१ च्या त्या चित्रपटात पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींना चिक चॉकलेटच्या वृंदाची साथ मिळाली, आणि तो वृंद पडद्यावरही दिसतो. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वाजविणारा सेबास्टियन डिसूझा मुंबईत येऊन ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यसंयोजक झाला. भरल्या खोलीत गायकाच्या शब्दाला वाट करून देणे, दोन ओळींच्या मधली पोकळी नेमक्या एका फिरतीने भरणे, कागद हाती पडताच वाजविणे, ही सगळी कौशल्ये हॉटेलात घासून तयार झाली होती आणि स्टुडिओत ती आयती उपयोगी पडली.

कायद्याचे लक्ष वादकांच्या संख्येकडेही जाते, हे कित्येकांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कमध्ये १९२६ च्या कॅबरे कायद्याच्या अनुषंगाने परवाना नसलेल्या ठिकाणी तिघांहून अधिक वादकांना, आणि त्यांतही ढोल व फुंकवाद्ये यांना, १९८० च्या दशकापर्यंत मज्जाव होता. १९४० ते १९६७ या काळात तर दारू मिळेल अशा ठिकाणी वाजविण्यासाठी प्रत्येक कलावंताला पोलिसांचे ओळखपत्र बाळगावे लागे, आणि ते हिरावून घेतल्यामुळे बिली हॉलिडे व थेलोनियस मंक यांची उमेदीची वर्षे वाया गेली. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी अट घातली जात असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही लिंगनिहाय विभागणी घटनाबाह्य ठरविली, एकूण आठ कलावंतांची मर्यादा मात्र कायम ठेवली. त्या आठांपैकी गाणाऱ्या मुलींकडे समाज ज्या नजरेने पाहतो ती मला अत्यंत अन्यायाची वाटते. रात्रीमागून रात्री, नोटा मोजणाऱ्या हातांसमोर आणि आरोळ्यांच्या गदारोळात, सुरात राहून जुनी अवघड गाणी निभावणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते काम म्हणूनच त्याची कदर झाली पाहिजे.

आजची व्यवधाने बदलली आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये आता बहुधा एकच माणूस की-बोर्ड, गिटार आणि आधी भरून ठेवलेली साथ घेऊन बसतो. लोक त्याला ‘वन मॅन बँड’ म्हणतात. त्याच्या मागे समुद्र, बाजूला क्रिकेटचा सामना दाखविणारा पडदा, समोर मोबाइलवर चित्रण करणारे पाहुणे, आणि वर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा अंमल, ज्यान्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. या नियमाशी माझे भांडण नाही, शेजारच्या घरात निजलेल्या मुलाचा हक्क मोठा आहे. परंतु भरून ठेवलेल्या साथीमुळे होणारे एक नुकसान कोणी बोलत नाही. जिवंत वृंद खोलीचे ऐकतो. षटकार बसून सारा शॅक ओरडला तर ड्रमवादक चार मात्रा थांबून गाणे पुन्हा उचलतो. यंत्रातली साथ थांबत नाही, आणि गाणाऱ्याला तिच्यामागे धावावे लागते. ज्या कलेचा प्राण प्रतिसादात होता, तिच्यातून प्रतिसाद देण्याचे साधनच काढून घेतल्यासारखे हे झाले.

तेव्हा मालकांना काही सांगावेसे वाटते, कारण या बाबतीत वादकापेक्षा त्यांच्या हाती अधिक आहे. वृंदाचा मंच मुदपाकखान्याच्या दारापाशी किंवा गल्ल्याशेजारी ठेवू नये. हे दोन आवाज असे आहेत की धंदा जितका चांगला तितके ते वाढतात. मंचाच्या पाठीला काच असू नये, जाड पडदा असावा. पायाखाली गालिचा असावा. एकच मोठा भोंगा मंचावर ठेवून शेवटच्या मेजापर्यंत आवाज ढकलण्यापेक्षा छताला लहान लहान चार-सहा भोंगे टांगावेत, म्हणजे जवळचा पाहुणा बधिर होत नाही आणि दूरचा वंचित राहत नाही. सामन्याच्या रात्री पडद्याचा आवाज चालू ठेवावयाचा असेल, तर त्या रात्री वृंदाला बोलावू नये, किंवा बोलावल्यास सामना संपल्यावर सुरू करावयास सांगून त्या प्रतीक्षेचेही पैसे द्यावेत. खोली भरल्यावर, पहिल्या दोन गाण्यांनंतर, तोल पुन्हा एकदा जुळवून घेण्यास पाच मिनिटे द्यावीत. आणि वादकांना मध्यंतरात जे जेवण दिले जाते ते जिन्याखाली उभ्याने न देता एखादे मेज राखून द्यावे. त्या पंधरा मिनिटांत तेथे बसूनच त्यांना समजते की आपण वाजवीत असताना बाकीच्यांना काय ऐकू येत होते.